बर्फातला रविवार



आजच्या धड्यात आपण लांबच्या एका गावी फेरफटका मारणार आहोत. गावाचे नाव केंब्रिज. हे अमेरिकेतले केंब्रिज, बरं का. विलायतेत याच नावाचे आणखी एक गाव आहे, ते वेगळे. आपले हे केंब्रिज मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात आहे. बॉस्टन हे मोठे शहर नदीच्या एका काठाला आणि केंब्रिज दुसऱ्या काठाला. नदीचे नाव चार्ल्स. २०२० सालच्या शिरगणतीत या गावची वस्ती १,१८,४०३ होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी.

महिना जानेवारीचा. दिवस रविवारचा. तिकडे शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी असते. सकाळचे नऊ वाजले आहेत. या वेळी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तुम्ही कंदील किंवा दिवा लावून वर्गाला बसता, तेव्हा तिकडे लोक सकाळचा चहा-कॉफी घेत असतात. पृथ्वी गोल आहे आणि ती फिरते, म्हणून असे होते.

रात्रभर बर्फ पडला आहे. कामाची घाई कोणालाच नाही. अशा वेळी एक बाई आपला कुत्रा घेऊन घराबाहेर पडते. कुत्र्याला आपण आपले मोत्या म्हणू. चला, आपणही त्यांच्या मागोमाग जाऊ.

बर्फ दोन तऱ्हेचा

आपण बर्फ पाहतो तो गाडीवरचा. गोळेवाल्याकडे लादी असते. ती कडक, गुळगुळीत, काचेसारखी. आभाळातून पडणारा बर्फ तसा नसतो. तो पिंजलेल्या कापसासारखा असतो. त्याला हिम म्हणतात. ढगातली वाफ थंडीने थेट गोठते आणि तिचे बारीक बारीक कण होतात. प्रत्येक कणाला सहा कोन असतात. असे पुष्कळ कण एकमेकांना चिकटतात आणि भुरभुरत खाली येतात. आवाज होत नाही. सकाळी उठून पाहावे तर कौल, अंगण, झाड, मोटार, सगळे पांढरे!

कापसात जशी हवा असते, तशी हिमात हवा असते. म्हणून दहा इंच हिम वितळले तर पाणी साधारण एकच इंच होते. बॉस्टनच्या बाजूला वर्षाला सरासरी चार फूट हिम पडते. एखादे साल फारच कठीण जाते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच हिम पडले. म्हणजे नऊ फुटांच्या वर. आपल्या घराच्या दाराची उंची आठवा, म्हणजे अंदाज येईल.

ज्याने त्याने आपल्या दारापुढचे

मोत्या दोन पावले टाकतो तोच पोटापर्यंत रुततो. मग बाई पुढे होऊन फावडे घेते आणि आपल्या घरासमोरची पायवाट मोकळी करू लागते. शेजारचा गडीही तेच करतो आहे. त्याच्या पलीकडचाही तेच.

हे नुसते हौसेने चाललेले नाही. तो त्या गावचा नियम आहे. सडकेवरचे हिम सरकारी गाड्या बाजूला लोटतात. पण घरासमोरची पायवाट ज्याच्या त्याच्या घरमालकाने मोकळी करायची. हिम रात्री पडले तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत. दिवसा पडले तर थांबल्यापासून बारा तासांच्या आत. न केल्यास दंड होतो. वाट किती रुंद करावी? मुलाची बाबागाडी आणि पांगळ्या माणसाची चाकाची खुर्ची नीट जाईल इतकी.

आता कोणी म्हणेल, "म्हाताऱ्या माणसाने काय करावे? त्याला फावडे कसे उचलेल?" प्रश्न बरोबर आहे. जो म्हातारा किंवा अपंग आहे आणि ज्याची ऐपत नाही, त्याने अर्ज केला तर त्याला त्या कामातून सूट मिळते. नगरपालिका आपली माणसे पाठवते. पण अर्ज लिहावा लागतो, बरं का!

वाटेत सडकेच्या कडेला लोखंडाचा एक बुटका खांब दिसतो. तो पाण्याचा नळ आहे. आग लागली की बंबवाले त्यालाच आपली नळी जोडतात. तो हिमाखाली गाडला गेला, तर बंबवाल्यांचा वेळ तो शोधण्यात जातो. तेवढ्यात घर जळून जाते. म्हणून जवळचे लोक या नळाभोवतीचे हिमही उकरून काढतात. तो नळ कोणा एकाच्या मालकीचा नाही. पण आग कोणाच्या घराला लागेल हे कोणी सांगावे?

विचार करा. मधल्या एकाच घराने वाट मोकळी केली नाही, तर काय होते? दहा घरांची वाट मोकळी असूनही चाकाची खुर्ची तिथेच अडते. एकाचा आळस दहांची मेहनत वाया घालवतो. आपल्या गावात गटार असेच तुंबते की नाही?

कुल्फीवाल्याचे मीठ

पायवाटेवर लोक खडेमीठ टाकतात. कशाला? आपला कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, ते तुम्ही पाहिले असेल. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. मिठाचे पाणी गोठायला त्याहून जास्त थंडी लागते. म्हणून मीठ टाकले की पायवाटेवरचा बर्फ वितळतो आणि माणसे घसरून पडत नाहीत. कुल्फीच्या भांड्याभोवती हेच खारे पाणी शून्याच्याही खाली थंड होते आणि आतले दूध गोठते. एकच गुण, पण कामे दोन.

पण मिठाला दुसरी बाजूही आहे. मोत्याच्या पंजाच्या भेगांत मीठ शिरले की त्याची आग होते. तो तीन पायांवर लंगडतो. घरी गेल्यावर त्याने पंजे चाटले तर मीठ पोटात जाते. म्हणून फिरून आल्यावर बाई त्याचे पंजे कोमट पाण्याने धुते आणि पुसते. आणखी एक गोष्ट. हे मीठ शेवटी वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि तळ्यात जाते. म्हणून लागेल तेवढेच टाकावे, ओंजळी भरून टाकू नये.

थंडीत मोत्याचे पाय गोठत कसे नाहीत? त्याच्या पंजात गरम रक्त नेणाऱ्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या शिरा अगदी जवळजवळ असतात. गरम रक्त जाता जाता थंड रक्ताला ऊब देते. म्हणून अंगातली ऊब अंगातच राहते. तरी याला मर्यादा आहे. आखूड केसांचा, म्हातारा किंवा लहान कुत्रा फार वेळ थंडीत ठेवू नये.

मोत्याचे वर्तमानपत्र

मोत्या दहा पावले चालतो आणि थांबतो. नाक खाली घालून हुंगतो. बाई त्याला ओढत नाही. आज रविवार आहे. तिलाही घाई नाही.

ताज्या हिमावर पाऊलखुणा स्पष्ट उठतात. इकडून एक ससा गेला. तिकडे खार झाडावर चढली. पक्षी उतरला तिथे पायाच्या तीन काड्या उमटल्या आहेत. आपण हे डोळ्यांनी वाचतो, मोत्या नाकाने वाचतो. कोण गेले, केव्हा गेले, कुठल्या दिशेने गेले, हे त्याला वासावरून कळते. तुम्ही वर्गात अक्षरे लावता, तशी मोत्या वासाची अक्षरे लावतो. घाई करून वाचन होत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे!

पिण्याचे तळे

चालत चालत आपण एका तळ्याशी आलो. त्याचे नाव फ्रेश पॉन्ड. म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. फार प्राचीन काळी हा सारा मुलूख बर्फाच्या जाड थराखाली होता. पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तो थर मागे हटला. त्याचा एक प्रचंड तुकडा मातीत गाडलेला राहिला. तो वितळला, तिथे खळगा पडला आणि त्याचे हे तळे झाले.

केंब्रिज गाव या तळ्याचे पाणी पिते. लांबच्या दोन मोठ्या तलावांचे पाणी नळाने इथे येते, इथेच शुद्ध होते आणि मग घरोघर जाते. तळ्याभोवती कुंपण आहे. कुंपणाबाहेरून सव्वादोन मैलांची वाट आहे. सुट्टीच्या दिवशी माणसे आणि कुत्री इथे मनमुराद फिरतात.

वाटेत मोत्या एका झाडापाशी परसाकडे बसतो. बाई खिशातून पिशवी काढते, हातावर चढवते आणि ती घाण उचलते. आपल्याला हसू येईल. "कुत्र्याची घाण उचलायची?" होय. ती तशीच राहिली तर हिम वितळल्यावर पाण्याबरोबर वाहत जाईल. तिच्यात जंतू असतात, जंतांची अंडी असतात. ज्या तळ्याचे पाणी आपली मुले पितात, त्याच्या काठी घाण टाकायची नाही, एवढी साधी गोष्ट आहे. आपल्या विहिरीचा काठ आठवा. तिथे आपण काय काय करतो, ते आपले आपणच ठरवावे.

इथला बर्फ हिंदुस्थानात आला होता

या तळ्याचा आणि आपला जुना संबंध आहे. तो ऐकून नवल वाटेल.

दोनशे वर्षांपूर्वी बर्फ करण्याची यंत्रे नव्हती. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. त्याचा जन्म १७८३ चा. त्याच्या मनात आले, इथला बर्फ फुकट वाया जातो, तो गरम देशांत नेऊन विकावा. लोकांनी त्याला वेड्यात काढले. पण त्याने चिकाटी सोडली नाही. केंब्रिजच्या नॅथानिएल वायेथ या माणसाने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे औत काढले. शेतात नांगर चालावा तसे ते गोठलेल्या तळ्यावर चाले. त्याने सारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. लाद्या लाकडाच्या भुशात दाबून ठेवत. भुशातून उष्णता लवकर आत जात नाही. आपला गोळेवाला लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो, त्याचे कारण हेच.

१८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे गलबत १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, ते कलकत्त्याला पोचले. वाटेत उन्हाने काही बर्फ वितळला. तरी १०० टनांच्या आसपास उरला होता! पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. तो ठेवायला मुंबईत खास बर्फघर बांधले होते. नंतर बर्फाची यंत्रे आली आणि हा व्यापार संपला.

दुसरा संबंध विद्येचा आहे. गोव्यातले धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. शाळेतले शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. पण विद्येची तळमळ मोठी. त्यांनी घर सोडले आणि पुणे, काशी, नेपाळ, लंका, ब्रह्मदेश असे हिंडून पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचा अभ्यास केला. १९१० साली याच केंब्रिज गावच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना एका जुन्या पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावले. शाळा सुटली म्हणून विद्या सुटत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. त्यांनी आपली हकीगत 'निवेदन' या पुस्तकात लिहिली आहे. वाचन सरावाचे झाले की ते पुस्तक मिळवून जरूर वाचा.

गोठलेले पाणी फसवते

आता तळ्याकडे पाहा. वरचे पाणी गोठले आहे. मग खालचे मासे मेले काय? नाही. पाणी चार अंशाला सर्वांत जड असते. ते तळाशी जाते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते आणि तेच गोठते. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो. हे बर्फाचे झाकण खालच्या पाण्याला थंडीपासून वाचवते. मासे खाली जगतात. बर्फ जड असता तर तळे तळापासून गोठत आले असते.

पण हे झाकण सगळीकडे सारखे जाड नसते. वरून पक्के दिसते आणि पायाखाली फुटते. अनेकदा कुत्रा आधी बर्फावर धावतो आणि आत पडतो. मालक त्याला वाचवायला जातो आणि तोही बुडतो. म्हणून बाई तळ्याजवळ मोत्याला हाकेच्या अंतरात ठेवते. कुत्रा पाण्यात पडला तर आपण बर्फावर जायचे नाही, बंबवाल्यांना बोलवायचे, अशी तिकडे शिकवण आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण विहीर आहे, पूर आलेला ओढा आहे. पोहता येत नसताना दुसऱ्यामागे उडी टाकली की एकाऐवजी दोन जातात. दोर टाकावा, बांबू द्यावा, आरडाओरडा करून माणसे जमवावी.

गळ्यातला बिल्ला

मोत्याच्या गळ्यात एक छोटा बिल्ला आहे. आजच्या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

त्या राज्यात कुत्रा सहा महिन्यांचा झाला की त्याची नोंद करावी लागते. नोंदीसाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. रेबीज म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा रोग. नोंद झाली की बिल्ला मिळतो. बिल्ला पाहिला की लोकांना कळते, या कुत्र्याचे भय नाही. अशी शिस्त वर्षानुवर्षे पाळली गेली. २००७ साली अमेरिकेने जाहीर केले, की कुत्र्याकडून कुत्र्याला होणारा रेबीज आमच्या देशातून नाहीसा झाला. वटवाघळे वगैरे रानप्राण्यांत तो अजून आहे. म्हणून लस तिकडे बंद केलेली नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? जगात रेबीजने जेवढी माणसे मरतात, त्यांतली सुमारे तिसरा हिस्सा आपल्या देशातली असतात. त्यांत मुले पुष्कळ. मुले कुत्र्याच्या जवळ जातात आणि चावा घरी सांगत नाहीत. मार बसेल म्हणून भितात. रोगाची लक्षणे दिसू लागली की मग औषध चालत नाही. माणूस दगावतोच म्हणा ना. पण लक्षणांच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो. १८८५ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या लुई पाश्चरने जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला.

तेव्हा पुढील गोष्टी पाठ करा:

१. कुत्रा चावला किंवा त्याचा दात-नख लागून ओरखडा आला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा.

२. जखमेवर चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नका. घट्ट बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस घ्या. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत दुसरे एक औषधही टोचतात. ते नको म्हणू नका.

४. लस एकदाच घेऊन भागत नाही. कार्डावर तारखा लिहून देतात. त्या वाचा आणि प्रत्येक तारखेला जा.

५. पिलू चावले तरी हेच. घरचा कुत्रा चावला तरी हेच. मंत्र-तंत्र, झाडपाला यांत वेळ घालवू नका.

पूर्वी पोटात चौदा सुया टोचत. त्याची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. ते कधीच बंद झाले. आता थोड्याच सुया दंडात देतात.

हे आपल्याला जमेल का? जमेल. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना गावोगाव लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. मोकाट कुत्र्यांना दगड मारून ती तुटत नाही.

घराकडे

दुपार झाली. मोत्या दमला आहे. त्याच्या मिशांवर बर्फाचे मणी लोंबत आहेत. बाई त्याचे पंजे धुते, पुसते. मोत्या चुलीजवळ अंगाचे वेटोळे करून झोपतो. दिवस आळसात गेला खरा. पण वाट मोकळी झाली, नळ उघडा राहिला, तळे स्वच्छ राहिले आणि कोणाला इजा झाली नाही. आपल्या गावचा रविवारही असा जाऊ शकतो. त्याला हिम लागत नाही.

प्रश्न

१. दहा इंच हिम वितळले तर किती पाणी होते?

२. मिठाचा बर्फावर काय परिणाम होतो? कुत्र्याच्या पंजावर काय होतो?

३. गोठलेल्या तळ्यात मासे का जगतात?

४. कुत्रा चावल्यावर पहिली पंधरा मिनिटे काय करावे?

करून पाहा

आपल्या आळीत किती कुत्री आहेत ते मोजा. त्यांपैकी किती जणांना लस टोचली आहे ते विचारा. दोन्ही आकडे पाटीवर लिहा आणि पुढच्या वर्गात सर्वांना वाचून दाखवा. मग गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना एक अर्ज लिहा. अर्ज वर्गातल्या सर्वांनी मिळून लिहावा आणि खाली प्रत्येकाने आपली सही करावी. अंगठा नको, सही!